मालदीव की मॉरिशस? आधी मोंढ्याचं कॅलेंडर काढा

प्रश्न : मावशी, नमस्कार. येत्या मे महिन्यात आमच्या लग्नाला 25 वर्षं होतात. यजमानांचं उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडतीचं दुकान आहे. इतक्या वर्षांत तुळजापूर, पंढरपूर आणि फार तर गोवा, याच्या पुढं आमची मजल गेली नाही. यंदा ते आपणहून म्हणाले, ‘तू म्हणशील तिथं जाऊ. फक्त समुद्र पाहिजे आणि हॉटेल एक नंबर पाहिजे.’ मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, तो मालदीवशिवाय दुसरं नाव घेत नाही. पाण्यावरची खोली, खोलीत काचेची जमीन, असले व्हिडिओ रोज पाठवतो. मुलीची ‘नीट’ परीक्षा मेच्या सुरुवातीला होईल, तिचं म्हणणं ‘कुठंही न्या, पण झोपू द्या’. सासूबाई 72 वर्षांच्या, माळकरी, गुडघे धरतात. ‘मला कशाला नेता’ म्हणतात आणि परवा पासपोर्टचे फोटो काढून आल्या. एजंटानं मालदीव आणि मॉरिशस अशी दोन पॅकेजं दिलीत. दहा लाखांपर्यंत खर्चाची तयारी आहे. कुठं जावं?
— एक वाचक, उदगीर

उत्तर : ताई, सासूबाईंनी फोटो काढलेत म्हणजे त्या येणार. तेव्हा पाच माणसं धरूनच बोलू.

मॉरिशसला जा.

आता तुमचा मुलगा माझ्यावर चिडेल. त्याचं एक आधीच कबूल करून टाकते : निव्वळ समुद्र बघायचा, तर मालदीव सरस आहे. तसं निळं, तळ दिसणारं पाणी मॉरिशसला सगळीकडे मिळत नाही. मालदीवच्या बऱ्याच बेटांवर खोलीच्या पायऱ्या उतरलं की थोड्या अंतरावर प्रवाळ सुरू होतं, रंगीत मासे पायाशी फिरतात. मॉरिशसला चांगलं प्रवाळ बघायला बहुतेक वेळा बोटीनं जावं लागतं, ब्लू बे सारख्या राखीव ठिकाणी. त्यामुळे पोराची निवड चुकलेली नाही. त्यानं महिना बघितला नाही, एवढंच.

तुमचा महिना मोंढा ठरवतो. सोयाबीनची आवक दसऱ्याच्या आसपास सुरू होते, मग तूर, मग हरभरा. मार्च सरेपर्यंत आडत्याला मान वर करता येत नाही, आणि मृग लागला की गिऱ्हाईक पेरणीच्या पैशासाठी दारात. मधला मोकळा काळ म्हणजे एप्रिल-मे. त्यात मुलीची नीट. उरला मेचा दुसरा पंधरवडा. नेमका तेव्हाच मालदीवला नैऋत्य मोसमी पाऊस लागलेला असतो. आपल्याकडे जूनमध्ये येणारा पाऊस त्यांच्याकडे आधी पोचतो, कारण ती बेटं विषुववृत्ताला लागून आहेत. दिवसभर कोसळतोच असं नाही, एखादा दिवस लख्खही निघतो. पण वारा असतो, समुद्र खवळलेला असतो, पाणी गढुळतं आणि बोट आपटत जाते. एजंटाच्या पॅकेजात मे महिना स्वस्त दिसतोय तो याच कारणानं. मालदीवचा खरा हंगाम डिसेंबर ते एप्रिल, त्यातही फेब्रुवारी-मार्च उत्तम. तेव्हा तुमचे यजमान हरभऱ्याच्या पोत्यांमध्ये असतात.

मॉरिशसचं उलटं आहे. ते विषुववृत्ताच्या खाली, दक्षिण गोलार्धात. आपला उन्हाळा तो त्यांचा हिवाळा. चक्रीवादळांची धास्ती मुख्यतः जानेवारी ते मार्च, ती मेपर्यंत सरलेली असते. इकडे लातूर-उदगीरला पारा चाळीस ओलांडतो, तेव्हा तिकडे दुपारी पंचवीस-सव्वीस अंश आणि रात्री अंगावर पांघरूण. पाणी अजून पोहण्याजोगं उबदार असतं. नीटचा अभ्यास करून आलेल्या पोरीला झोपायला यापेक्षा चांगली हवा कुठली?

दुसरी गोष्ट स्वभावाची. मालदीवमध्ये बाराशेच्या आसपास बेटं आहेत, आणि पर्यटनाची रीत म्हणजे एक बेट, एक रिसॉर्ट. तुम्ही ज्या बेटावर उतरता ते पंधरा-वीस मिनिटांत फिरून होतं. त्यापुढं समुद्र, वाळू, खोली, जेवण, परत समुद्र. ज्यांना हे हवं असतं त्यांच्यासाठी ते स्वर्ग आहे. पण आयुष्यभर सकाळी सौद्याला उभा राहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी नाष्ट्यानंतर विचारतो, ‘आता?’ मी ग्रुप घेऊन जात होते तेव्हा आपल्याकडचे व्यापारी मालदीवच्या सुंदर किनाऱ्यावर बसून फोनवर भाव विचारताना पुष्कळ पाहिलेत. त्यांच्या बायका मग माझ्याकडे बघायच्या. नवरा-बायको दोघंच असाल, एकमेकांशी बोलायचं बरंच राहून गेलं असेल, तर मालदीवसारखं ठिकाण नाही. पाच जणांच्या तीन पिढ्या एका बेटावर चार दिवस म्हणजे तिसऱ्या दिवशी भांडण, हे लिहून ठेवा.

मॉरिशस त्या मानानं देश आहे. सुमारे दोन हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या दोन-तीन तालुक्यांएवढा, पण त्यात डोंगर, दऱ्या, धबधबे, उसाचे फड, बाजार आणि देवळं. एक दिवस समुद्र, एक दिवस गाडी. ड्रायव्हरसकट व्हॅन सहज मिळते, वाहनं आपल्यासारखीच डाव्या बाजूनं चालतात. शामारेलची सात रंगांची माती बघा, तिथलाच धबधबा बघा, पांप्लेमूसच्या बागेतली परातीएवढाल्या पानांची कमळं बघा. ज्याला हे नको तो हॉटेलात लोळेल, कुणाचं कुणावाचून अडणार नाही.

आता पैसे. इथं आडत्याच्या घरात बोलतेय, तर हिशेब नीटच मांडते. मालदीवच्या दरापुढं बारीक अक्षरात दोन अधिक चिन्हं असतात, ती वाचा. त्यांचा अर्थ 10 टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर पर्यटनाचा जीएसटी. तो जुलै 2025 पासून 17 टक्के आहे. म्हणजे 500 डॉलरची खोली साधारण 643 डॉलरला पडते. वर हरित कर : रिसॉर्टमध्ये माणशी रोज 12 डॉलर, जानेवारी 2025 पासून. पाच माणसं पाच रात्री राहिली तर त्याचेच 300 डॉलर झाले, पंचवीस हजारांच्या वर. मॉरिशसनंही ऑक्टोबर 2025 पासून परदेशी पाहुण्यांवर बारा वर्षांवरच्या माणशी रात्रीला 3 युरो बसवलेत. त्याच हिशेबानं ते 75 युरो होतात.

मालदीवचा खरा खड्डा मात्र विमानतळावरून पुढं आहे. मालेला, म्हणजे राजधानीच्या विमानतळावर, उतरलं म्हणजे पोचलं असं नाही. जवळचं बेट असेल तर स्पीडबोट, लांबचं असेल तर सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं छोटं विमान. सीप्लेनचं येण्या-जाण्याचं भाडं माणशी चारशे ते सहाशे डॉलर सहज होतं. ते अंधारात उडत नाही, त्यामुळे तुमचं विमान संध्याकाळी उतरलं तर ती रात्र मालेच्या बाजूला हॉटेलात, वेगळ्या पैशानं. सामान माणशी 20 किलो आणि हातात 5 किलो. आपल्याकडच्या दशम्या-धपाट्यांच्या डब्यासकट तेवढ्यात बसवा. जेवण बेटावरच्याच रेस्टॉरंटमध्ये, समोर दुसरं दुकान नाही. म्हणून तिथं जेवणासकट पॅकेज घेतल्याशिवाय पाय ठेवू नये. आणि पाण्यावरच्या खोलीत बहुधा दोन, फार तर तीन मोठी माणसं मावतात. म्हणजे तुम्हाला दोन खोल्या लागणार, आणि सासूबाईंना ज्या खोलीतून पायऱ्या थेट समुद्रात उतरतात तिथं एकट्या ठेवणार नाही ना? दहा लाख त्यात कुठं गेले ते कळणार नाही.

सासूबाईंवरून आठवलं. त्या प्रवासात देव सोबत घेतात का? माळकरी बायका पिशवीत छोटा पितळी विठोबा नाहीतर बाळकृष्ण ठेवतात, म्हणून विचारते. मालदीवच्या कस्टम्सच्या मनाई यादीत पूजेच्या मूर्ती आहेत. दारू आहे तशाच त्याही. मूर्ती विमानतळावर ठेवून घेतात. दुसऱ्याच्या देशाचा नियम आहे, त्यावर रुसून उपयोग नाही. पण 72 वर्षांच्या बाईला परक्या विमानतळावर देव काढून द्यायला लावायचा, हे मी तरी करणार नाही.

मॉरिशसला त्यांना उलट घरी आल्यासारखं वाटेल. तिथं गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. भारतातून करारावर नेलेल्या मजुरांची बोट 1834 मध्ये लागली. पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत जवळजवळ पाच लाख माणसं ऊस तोडायला आणली गेली. त्यात कोकणातून गेलेली मराठी कुटुंबंही होती. राजधानी पोर्ट लुईला ती उतरायची ती जागा म्हणजे आप्रवासी घाट. 2006 पासून तो जागतिक वारसा आहे. तिथल्या दगडी पायऱ्या बघायला अर्धा तास पुरतो, पण तो अर्धा तास काढाच. आपल्या बीड-धारूरकडून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना तिथं गाइडची गरज पडत नाही. पश्चिमेकडच्या कास्कावेल गावात मराठी लोकांचं विठ्ठल-रखुमाईचं देऊळ आहे. सासूबाईंना ते दाखवा आणि मग म्हणा, ‘तुम्हाला कशाला नेतो.’ फक्त तिथली सगळी मंडळी घडाघडा मराठी बोलतील अशी आशा धरू नका. घरात क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून आलेली तिथली बोली, चालते. मराठी शाळेत शिकवतात, भजनात आणि जाकडी नाचात टिकलीय.

गंगा तलाव म्हणजे डोंगरावरचं, ज्वालामुखीच्या मुखात साचलेलं तळं. तिथं 108 फुटी महादेव उभा आहे आणि महाशिवरात्रीला लोक कावड घेऊन चालत येतात. मेमध्ये त्या उंचीवर धुकं आणि गारठा असतो. सासूबाईंची शाल हॉटेलात विसरू नका.

खाण्याची काळजी मॉरिशसला जवळजवळ नाहीच. रस्त्यावर ‘धोल पुरी’ मिळते : पिवळ्या वाटाण्याची डाळ भरून लाटलेली मऊ पोळी, आत भाजी आणि चटणी. आपली पुरणपोळी, गूळ घालायचा राहिलेली. ‘फराता’ म्हणजे पराठा, ‘गातो पिमां’ म्हणजे डाळीचे तिखट वडे. पोळीत भरून देतात ती भाजी शाकाहारी आहे ना, एवढं विचारून घ्या. एकादशीसाठी साबुदाणा पाकीटबंद न्या. ताजी फळं, रोपं, बियाणं मात्र नेऊ नका, तिथं अडवतात. झोपेच्या किंवा जास्त कडक वेदनाशामक गोळ्या असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत हवी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण एजंट हे सांगत नाहीत : मॉरिशसचा कुठला किनारा? मे ते ऑगस्ट तिथं आग्नेयेकडून वारे वाहतात. पूर्व किनारा, म्हणजे बेल मारकडची पांढरी वाळू, फोटोत सगळ्यात देखणी दिसते आणि एजंट तिथलंच हॉटेल गळ्यात मारतो, पण या दिवसांत तिथं वाऱ्यानं टोपी डोक्यावर राहत नाही. तुम्ही पश्चिमेला राहा. फ्लिक आं फ्लॅकपासून ल मॉर्नच्या अलीकडपर्यंतचा पट्टा डोंगरांच्या आडोशाला, पाणी शांत, आणि सूर्य समुद्रात बुडताना खोलीतून दिसतो. तोही लवकर बुडतो, पावणेसहालाच, म्हणून फिरायचे दिवस सकाळी आठला सुरू करा. गर्दी-बाजार आवडत असेल तर उत्तरेचं ग्रां बे चालेल. दक्षिणेला ग्री ग्री नावाच्या ठिकाणी प्रवाळाची भिंत तुटलेली आहे, लाटा थेट कड्यावर फुटतात. ते बघायचं, पाण्यात उतरायचं नाही.

रविवारी पश्चिमेच्या किनाऱ्यांवर स्थानिक लोक पातेली, चटया, नातवंडं घेऊन येतात, रावान नावाचा मोठा डफ वाजवतात, सेगा नावाचा नाच करतात. तिथली वाळू सार्वजनिक असते, पंचतारांकित हॉटेलच्या पुढ्यातलीही. काही पाहुणे याची तक्रार करतात. मला विचाराल तर त्या रविवारी खोलीत बसणाऱ्याचे पैसे वाया गेले.

मुलासाठी : त्याला सांगा, ल मॉर्नजवळचा ‘समुद्राखालचा धबधबा’ हा वाळू आणि गाळाच्या उतारामुळे होणारा दृष्टिभ्रम आहे, आणि तो फक्त वरून, हेलिकॉप्टरमधून दिसतो. बोटीवाला दाखवतो म्हणाला तर पैसे देऊ नका. त्यापेक्षा पोराला भल्या पहाटे ल मॉर्नच्या डोंगरावर गाइडसोबत पाठवा. 556 मीटरचा कडा आहे, पळून आलेले गुलाम तिथं लपत असत. खाली येईपर्यंत त्याचा राग उतरलेला असेल.

हॉटेलला मेल करताना दोन गोष्टी लेखी घ्या : आतून दार असलेल्या लागून दोन खोल्या, आणि सासूबाईंची खोली तळमजल्यावर. आंघोळीला टब नको, शॉवर हवा. गुडघेदुखीच्या माणसाला टबाची कड ओलांडणं डोंगर चढण्यासारखं असतं आणि महागड्या हॉटेलांना टबाचं भारी कौतुक.

भारतीयांना मॉरिशसला पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. पासपोर्ट सहा महिन्यांहून जास्त शिल्लक असावा. सासूबाईंचा अर्ज आजच टाका. मुंबईहून थेट विमान सहा-साडेसहा तासांचं आहे. बीदर-मुंबई गाडी उदगीरवरून जाते, तिनं एक दिवस आधीच मुंबई गाठा. सकाळी गाडी पोचेल आणि दुपारी विमान, असला हिशेब मांडू नका. पॅकेजवर टीसीएस, म्हणजे एजंटानं आधीच वसूल करून सरकारात भरायचा कर, कापतील, ते यजमानांच्या पॅनवर घ्या म्हणजे विवरणपत्रात वळते होतील. बिल मुलाच्या नावानं केलंत तर परतावा मागायला त्याचं विवरणपत्र वेगळं भरावं लागेल.

आणि मालदीव? ते तुम्हा दोघांसाठी राखून ठेवा. एखाद्या वर्षी पोरगा दुकान सांभाळायला लागला की फेब्रुवारीत चार रात्री. तेव्हा परत लिहा.

प्रश्न : माझं लग्न फेब्रुवारीत आहे. मालदीवलाच जायचंय, पण पाचही रात्री महागड्या रिसॉर्टमध्ये परवडणार नाहीत. मधला मार्ग आहे का?
— जालन्याचा वाचक

उत्तर : आहे. दोन-तीन रात्री माफुशीसारख्या वस्तीच्या बेटावर गेस्टहाउसमध्ये राहा आणि शेवटच्या दोन रात्री रिसॉर्टमध्ये. क्रम उलटा केलात तर गेस्टहाउसमध्ये दोघंही तोंड पाडून बसाल. पन्नासपेक्षा कमी खोल्यांच्या गेस्टहाउसला हरित कर निम्मा, 6 डॉलर. रिसॉर्ट मालेच्या जवळचं, स्पीडबोटीनं जाता येईल असं निवडा. सीप्लेनच्या पैशात आणखी एक रात्र निघते. वस्तीच्या बेटावर दारू मिळत नाही, आणि पोहण्याच्या कपड्यांत फक्त पर्यटकांसाठी राखलेल्या किनाऱ्यावर जायचं, गल्लीत नाही. शुक्रवारी साधी सरकारी फेरीबोट बहुधा बंद असते, तो दिवस बेट बदलायला धरू नका. निघण्याआधीच्या 96 तासांत इमुगा नावाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो. तो फुकट आहे. जी साइट पैसे मागेल ती सरकारी नाही. आणि लग्नाचा चुडा-हार सुटकेसमध्ये नेऊ नका. सुनेला तिथं कोण बघणार आहे?

प्रश्न : आमच्या घरात कुणालाच पोहता येत नाही. एवढे पैसे घालून समुद्रावर जाण्यात अर्थ आहे का?
— परळीहून एक गृहस्थ

उत्तर : आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकलेले सोडले तर कुणाला येतं? मॉरिशसभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाची भिंत आहे, तिच्या आतलं पाणी पश्चिमेला कितीतरी अंतर कमरेएवढंच असतं. तिथं उभं राहूनही मजा येते. पायात रबरी बूट घाला, कारण दगडासारखा दिसणारा विषारी काट्यांचा मासा तळाशी पडून असतो. काचेच्या तळाच्या बोटीतून मासे कोरड्या कपड्यांत दिसतात. मालदीवला किनारा उथळ असला तरी भिंतीपलीकडे एकदम खोल आणि बेटांमधल्या खाड्यांत ओढ जबर असते. तिथं लाइफ जॅकेटशिवाय जेटीच्या पुढं कुणीही जाऊ नये, मग कितीही पट्टीचा पोहणारा असो. निघायला दोन महिने असतील तर गावातल्या तलावावर क्लास लावा. पाठीवर तरंगता आलं तरी निम्मी भीती जाते.